पाच चिठ्ठ्या, तीन बोटं

घोलप सरांना "कसं काय?" विचारलं की ते आधी मागे वळून बघत आणि मग हळूच "ठीक" म्हणत. एवढ्यावरून समोरच्याला काय काय कळलं असेल, ही काळजी त्यांना पुढे दिवसभर पुरायची.

जुन्नरच्या कॉलेजात ते गणित शिकवत, मी इतिहास. डिंगोऱ्यात आमची घरं शेजारी शेजारी आणि दोघांची एसटीही एकच. बायको गेल्यापासून सर एकटेच होते. "घरी कोणी नाही," एवढं एकच वाक्य ते मागे न बघता बोलत.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. सरांचा एक वर्गमित्र परदेशात क्रिप्टोग्राफीवर, म्हणजे गुपितं राखण्याच्या गणितावर, संशोधन करायचा. दोन-तीन महिन्यांनी त्याचं झेरॉक्सचं जाडजूड पाकीट यायचं आणि सर ते एसटीत पोटाशी धरून वाचायचे. मला वाटायचं, हे सांकेतिक भाषा फोडायचं काहीतरी असणार. सर म्हणायचे, तो पोरखेळ झाला. गुपित एकाला सांगितलं तर तो फोडतो, कुणालाच नाही सांगितलं तर आपल्याबरोबर चितेवर जातं, त्याचं काय करायचं ते बोला. यावर त्यांचं उत्तर म्हणजे त्यांचं पालुपद होतं, "एकट्याच्या हाती द्यायचं नाही, आणि एकट्यावाचून अडू द्यायचं नाही."

मला समजावं म्हणून ते दगडाचं उदाहरण देत. भिरकावलेला दगड दोन जागी दिसला तर कुठून आला ते सांगता येत नाही. तिसऱ्या जागी दिसला की त्याची वाट पक्की होते आणि मागे मागे जाऊन फेकणारा सापडतो.

असलं शास्त्र माणूस वहीत ठेवतो. सरांनी ते गावात आणलं. एका दिवाळीत त्यांनी पाच जणांना एकेक घडी घातलेली चिठ्ठी दिली. आत नुसते आकडे. एक मला, एक किराणावाल्या सुमेरशेठना, एक समोरच्या ठकूबाईंना, एक एसटीच्या कंडक्टरला आणि एक तळेघरला मास्तरकी करणाऱ्या जुन्या विद्यार्थ्याला. कोणत्याही तीन चिठ्ठ्या जुळवल्या की गुपित निघणार, दोन असतील तर काही म्हणजे काही कळणार नाही. कसलं गुपित ते सांगितलं नाहीच. "मला बोलता येईनासं झालं, की तिघं जमा. आधी नाय," एवढंच म्हणाले.

माझ्याकडून तर खोटे आकडे देऊन त्यांनी ती आकडेमोड दर उन्हाळ्यात घोटून घेतली. वीसच्या पुढचे पाढे न येणारा मी, सनावळ्या सोडून भागाकार करत बसायचो. शिवाय दर पाडव्याला चिठ्ठ्या बदलायच्या. आतलं गुपित तेच, पण आकडे नवे. म्हणजे कुणी हळूहळू चोरू म्हटलं तरी जुनी चिठ्ठी नवीबरोबर जुळत नाही. परत आलेल्या चिठ्ठ्या सर न उघडताच चुलीत घालत. आम्ही पाठीमागे हसायचो. हसायला नको होतं, असं आता वाटतं.

एका सकाळी वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता सर कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यात पोचलो तर डॉक्टर म्हणाले, आजच पुण्याला हलवायला हवं, जवळचं माणूस बोलवा. जवळचं म्हणजे कोण? सर डाव्या हाताची तीन बोटं वर करून माझ्याकडे बघत होते. नर्स म्हणाली, तीन वाजता औषध मागतायत. मला मात्र चिठ्ठ्या आठवल्या. मी तसाच एसटी धरून डिंगोऱ्याला पळालो.

कंडक्टरची बदली झालेली. तळेघरला जाऊन यायचं तर दिवस मोडला असता. उरलो आम्ही तिघंच. ठकूबाईंनी चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवून रोज तिला हळदकुंकू वाहिलं होतं. "मला कुठं वाचाया येतंय? मास्तरांनी जपाया सांगितलं, मी जपलं," त्या म्हणाल्या. ओल्या फडक्यानं मळवट पुसला तेव्हा कुठे आकडे दिसले. शेठच्या दुकानात पोत्यावर बसून, घाम पुसत मी भागाकार केले. सहा आकड्यांची संख्या निघाली. शेठ रोज पुण्याच्या बाजाराशी बोलणारे. बघताच म्हणाले, "हा तर पुण्याचा फोन आहे."

लावला. पलीकडे बँडवाला. वरात कधी आहे आणि माणसं किती पाहिजेत, असं विचारायला लागला.

मी भागाकार तीनदा तपासला. तिकडे सर तीन बोटं धरून पडलेले आणि इकडे माझं गणित बँड वाजवत होतं. शेवटी शेठनीच घसा खाकरला. "रागवू नका राव. ही मागल्या सालची हाय. ती आल्यापासून दुकान लई चाललं. बरकतीची वस्तू चुलीत घालाया कशी द्यायची?" पाडव्याला त्यांनी सरांना कोऱ्या कागदाची घडी परत दिली होती आणि जुनी चिठ्ठी लक्ष्मीच्या तसबिरीमागे ठेवली होती. एवढी जाडजूड पाकिटं वाचूनही सरांच्या शास्त्रात लक्ष्मीपूजनाचं कलम नव्हतं. नवी चिठ्ठी तराजूखाली सापडली. मी पुन्हा मांडणी केली.

या वेळी एका बाईनं फोन उचलला. डिंगोऱ्यातून बोलतोय, घोलप सरांचा शेजारी, म्हटलं. मग ती म्हणाली, "मी त्यांची मुलगी."

मुलगी! एवढी वर्षं शेजारी राहून मला माहीत नव्हतं. सर डिंगोऱ्यात येण्याआधीच तिनं त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, सरांनी बोलणं तोडलं, तिनं एकदा कार्डावर फोन नंबर लिहून पाठवला, उत्तर आलं नाही. मी सगळं सांगितलं. सरांनी तो नंबर पाच घरांत जपून ठेवला होता, हेही सांगितलं. ती रडत होती.

"घर दोनदा बदललं आमी," ती म्हणाली, "पण हीच पेठ धरून राहिलो. दुसरीकडं गेलं की फोनचा नंबर बदलतो ना."

ती तडक पुण्याच्या इस्पितळात आली. तोवर आम्ही सरांना तिथे हलवलं होतं. डोळे मिटलेले, पण डाव्या हाताची तीन बोटं अजून ताठच होती. ती कॉटवर बसली आणि तिनं ती बोटं एकेक करून आपल्या मुठीत मिटवली. सरांनी डोळे उघडले. मागे वळून बघितलं नाही, तिच्याकडेच बघत राहिले.