मॅनेज होतंय ना?

"रोज तीन मजले चढायचे, आणि वर ऐकायचं काय, तर मॅनेज करा!" तिसऱ्या मजल्यावरची तनया जिन्यात माझ्या कानाशी पुटपुटली. मी मान डोलावली. मी दुसऱ्या मजल्यावर राहते, मला मॅनेज होतं.

माणूस बोलायला शिकला तो आपली अडचण सांगता यावी म्हणून. पुढे तो सुधारला आणि अडचण न सांगता बोलू लागला. या प्रगतीत 'मॅनेज' या इंग्रजी क्रियापदाचा वाटा मोठा आहे. साहेबाने ते कचेरीपुरतं ठेवलं होतं. आपण संसाराला लावून त्याचं सोनं केलं. लग्नात चारशेच्या जागी सहाशे पानं उठली, की आचारी मॅनेज करतो (आमटीत). रजा नसताना बारशाला गेलेल्याने साहेबांना मॅनेज केलेलं असतं. टेंडर मिळायचं त्यालाच मिळालं, तर तेही मॅनेजच, फक्त जरा हळू म्हणायचं. मी मंडई ते मांजरी बसमध्ये, उभ्याने, केलेल्या पाहणीनुसार दर दहा पुणेकरांमागे अकरा जण मॅनेज करतात. (अकरावा चौथ्या सीटच्या कोपऱ्यावर टेकला होता.)

मांजरीतली आमची सोसायटी या बाबतीत आदर्श आहे. लिफ्ट सत्तेचाळीस दिवस बंद आहे. दारावर सूचना आहे: 'लिफ्ट बंद आहे. कधी सुरू होईल हे विचारू नये. कळल्यास कळवू.' कार्यकारिणीचे पाचही जण तळमजल्यावरचे नाहीतर पहिल्यावरचे (वरची मंडळी खाली पोचेपर्यंत निवडणूक आटोपते). लिफ्टबाबतची सभा पार्किंगमध्ये झाली. इतिवृत्त असं: 'चौथ्या मजल्यावरील चंद्रभागाताई अनुपस्थित. त्यांची तक्रार आलेली नाही. सबब त्यांना मॅनेज होत आहे.'

चंद्रभागाताई बहात्तर वर्षांच्या, निवृत्त नर्स. गुडघे दोन्ही गेलेले. सत्तेचाळीस दिवसांत त्या खाली उतरलेल्या नाहीत. विहारातल्या सात रविवारच्या वंदना चुकल्या, ते एक वेळ राहू दे. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दोनदा गेली. तिसरी येत्या मंगळवारची होती. तनया दूध पोचवते, मी भाजी. ताई हल्ली मेथी आणि कोथिंबीर वासावरून ओळखतात. मुलगा प्रज्ञेश कॅनडातून फोन करतो.

"आई, मॅनेज होतंय ना?"

"हो रे."

"ग्रेट!"

(एकूण वेळ अकरा सेकंद. भाजी निवडता निवडता मोजला.)

अशी शिस्त बघून कार्यकारिणीने एकमताने ताईंचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ आणि 'आदर्श सभासद' असं मानपत्र. सत्कारमूर्तींना उतरता येत नसल्याने सत्कारच वर न्यावा, असंही ठरलं. तिसऱ्या मजल्यावर अध्यक्ष दिगंबरराव पायरीवर बसले.

"अहो, मॅनेज होईल ना?" त्यांच्या पत्नी सुनीतीवहिनींनी विचारलं.

"होईल," म्हणाले. श्वास तेवढ्यापुरताच उरला होता.

वर पोचल्यावर मात्र भाषण झालं. "इतक्या दिवसांत ताईंनी एका शब्दाने तक्रार केली नाही. तरुणांनी आदर्श घ्यावा." साखरेच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलमधून प्रज्ञेश म्हणाला, "आई, प्राउड ऑफ यू! कसलं भारी मॅनेज करतेस!" ताईंना त्याचा चेहरा दिसत नव्हता. त्या आवाजाकडे बघून हसल्या. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, पेढे मीच आणले होते.

तुम्हाला हसू येतंय, येऊ द्या. पण परवा फोनवर कुणाला तरी तुम्हीही हेच विचारलंत, आणि उत्तर यायच्या आत "चला, ठेवतो" म्हणालात. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या सोयीसाठीच केलेला आहे. त्याचं उत्तर आपण घरूनच घेऊन जातो.

शेवटी रीतीप्रमाणे ताईंना विनंती झाली, "दोन शब्द बोला."

ताईंनी खांद्यावरची शाल काढली. नर्स चादर घालते तशी कोपऱ्याला कोपरा जुळवून, चाचपत, तिची घडी घातली आणि दिगंबररावांच्या हातात दिली. मग मोबाइलच्या दिशेने वळल्या आणि सांगितलेले दोनच शब्द बोलल्या.

"नाही होत."