गुल्हान्यांच्या घरातला ढकल्या

पुलगावच्या प्रफुल धोटेच्या व्हिजिटिंग कार्डावर नावाखाली चार ओळी होत्या. 'खाजगी गुप्तहेर. घारीची नजर, मुंगसाची चपळाई, संगणकाची बुद्धी. सोडवलेली प्रकरणे अकरा. गुन्हेगार कितीही मोठा असो, सुटका नाही.' हा मजकूर त्यानं स्वतःच लिहिला होता, त्यामुळे नम्रपणाला जागा उरली नव्हती.

त्याची सहायक म्हणजे त्याची बायको हर्षा. हे पद तिनं मागितलं नव्हतं. प्रफुलला स्कूटर चालवता येत नव्हती, म्हणून ते तिच्या गळ्यात पडलं. अकरा प्रकरणांची खरी हकीकत तिला पाठ होती. सहा बकऱ्या संध्याकाळी आपल्या पायांनी घरी परतल्या होत्या, चार चपला शेजारच्या दारात सापडल्या होत्या आणि अकराव्या प्रकरणातला बेपत्ता नवरा स्वतःच्याच गच्चीवर घोरत पडला होता.

बारावं प्रकरण नाचणगावहून आलं. तिथं योगेंद्र गुल्हानेचं मिक्सर, पंखे आणि कुकरचं दुकान होतं आणि दुकानासमोरच, रस्त्यापलीकडे, घर.

प्रफुल आणि हर्षा त्या घरातल्या सोफ्यावर बसताच सोफा चरचरला. सोफ्याला सहा वर्षं झाली होती, पण कारखान्यातलं प्लास्टिक अजून अंगावर होतं. टीव्हीचा रिमोट पिशवीत, फ्रीजचं हँडलही पिशवीत. योगेंद्रच्या वडिलांनी, तानबाजींनी, चाळीस वर्षं दुकान चालवलं होतं आणि पॅकिंग फोडलं की माल जुना, हा त्यांचा नियम घरालाही लागू होता. हर्षाला त्यात वावगं काही वाटलं नाही. परवाच पार्सलनं आलेलं नवरोबांचं भिंगही मखमली डबीत तसंच जपलेलं होतं.

"प्रफुलभाऊ, बाबूजीले कोनीतरी ढकलून राह्यलं," योगेंद्र हळूच म्हणाला.

तानबाजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चालत राहा. योगेंद्रनं मग काही कसर ठेवली नाही. चार पायांचा वॉकर आणला, बाथरूमच्या भिंतीला धरायला स्टीलचे दांडे बसवले, आणि खाली पाय घसरू नये म्हणून रबरी चटई अंथरली.

"सामान नव्हतं तवा भिंत धरून चालत होते, एक डाव नाई पडले. सामान आलं अन् पंधरा दिवसांत तीन डाव! अजून एक डाव पडले तं खुबा जाते, प्रफुलभाऊ. मले रात्री झोप नाई लागत." योगेंद्रनं घड्याळाकडे पाहिलं. "चार वाजता वर्ध्याहून पलंगाची गाडी येऊन राह्यली. दोन्ही बाजूनं कठडे. मंग बाबूजीनं खाली उतराचंच नाई. खानं, आंग पुसनं, सप्पा पलंगावर."

"मले नाई पाह्यजे तो पलंग," कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला. तानबाजींनी खिडकीकडे बोट दाखवलं. "ते माह्यं दुकान. बावीस पावलं हायेत, मोजलेले. मले तिथं गादीवर जाऊन बसाचं हाय. अन् बाथरूममंदी एकट्यानं जाचं हाय. दोन मानसं उभे राह्यते आंघोळीले. लाज वाटते, बापू."

एवढं बोलून त्यांनी तोंड पुन्हा खिडकीकडे वळवलं. हर्षाला भरून आलं. आजवर बकऱ्या हरवल्या तरी तिला चिंता वाटली नव्हती, कारण बकऱ्यांना घर माहीत असतं. इथं मात्र नवरा चुकला तर एक धडधाकट मनाचा माणूस चार वाजता कठड्यात बंद होणार होता. आणि नवरा चुकणार याची तिला पक्की खात्री होती.

प्रफुल उठला. कामावर असताना तो पुस्तकी मराठी बोलत असे, घाबरला की मात्र वऱ्हाडीवर येई. त्यानं भिंग काढून वॉकरवर धरलं. बराच वेळ पाहिलं.

"धुकं," तो गंभीरपणे म्हणाला. "सर्वत्र धुकं. एकही ठसा दिसत नाही. गुन्हेगार सराईत आहे."

इतक्यात फरशी पुसायचा पोचा घेऊन धुरपता आत आली. ती घरची धुणीभांडी करायची. "साहेब, मी काई सांगू का?"

"बाई, तुमचा जबाब शेवटी," प्रफुल म्हणाला आणि योगेंद्रच्या बायकोकडे, प्रेरणाकडे वळला. "सूनबाई, सोमवारी सासरे पडले. त्या दिवशी स्वयंपाकघरातलं तेल फरशीवर कसं आलं?"

"सोमवारी बाबूजीसंगं साऱ्या घराचाच उपास असते," प्रेरणा म्हणाली. "चूलच नाई पेटली. बाबूजीनं केळं खाल्लं."

"केळं!" प्रफुलचे डोळे चमकले. "साल कुठे आहे?"

"गाईनं खाल्लं."

साक्षीदार गाय निघाल्यामुळे तो मार्ग बंद झाला. मग प्रफुलनं घराला उतार असल्याचं जाहीर केलं आणि पुराव्यासाठी फरशीवर लिंबू ठेवलं. लिंबू जागचं हललं नाही. "दबावाखाली आहे," त्यानं हर्षाला टिपून घ्यायला सांगितलं. तिसरा सिद्धांत असा, की गुल्हान्यांच्या धंद्यावर जळणाऱ्या कुणीतरी फरशीखाली लोहचुंबक पुरलं असून ते वॉकर ओढतं.

"अवो, वॉकर ॲल्युमिनियमचा हाय," हर्षा म्हणाली. "त्याले लोहचुंबक नाई धरत."

"म्हणूनच कुणाला संशय आला नाही!"

"साहेब," धुरपता म्हणाली, "मी काई..."

"शेवटी, बाई, शेवटी!"

साडेतीन वाजले. योगेंद्र गाडीवाल्याला फोनवर रस्ता सांगू लागला, आणि तानबाजींनी डोळे मिटून घेतले. हर्षानं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "काई तरी करा ना! म्हाताऱ्याचं तोंड तं पाहा."

मग प्रफुलनं आपलं शेवटचं अस्त्र काढलं. गुन्हा जसा घडला तसा पुन्हा घडवायचा. त्यानं तानबाजींची टोपी घातली, पाठ वाकवली, वॉकर धरला आणि बाथरूमकडे निघाला. पाठोपाठ सगळी वरात. उंबऱ्यापाशी वॉकर सर्रकन पुढे गेला. प्रफुलनं दांडा धरला, तर हात दांड्यावरून सटकला. त्यानं चटईवर पाय रोवला, तर चटईच पायाखालून निघून गेली. घार, मुंगूस आणि संगणक, तिघंही एकदमच बादलीत बसले.

"बाप्पा रे! ढकललं मले!" बादलीतून वऱ्हाडी आरोळी आली. "हर्षे, धर त्याले! पयाला असन तो!"

"आता झालं का शेवटी?" धुरपतानं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पोचा बाजूला ठेवला. तिनं वॉकर उचलून उलटा केला. चारही पायांच्या रबरी बुडांवर एकेक प्लास्टिकची पिशवी होती, वरून चिकटपट्टीनं छान आवळलेली. मग तिनं दांड्यावर नखानं टकटक केली. दांडा वरपासून खालपर्यंत प्लास्टिकच्या नळीत होता. चटई तर अख्खीच पाकिटात होती आणि पाकिटातून तिच्यावरची अक्षरं स्वच्छ वाचता येत होती: 'घसरत नाही'.

"म्या पहिल्याच दिवशी काढाले गेलती," धुरपता म्हणाली. "तं म्हणे, हात नको लावजो, पॅकिंग फुटते."

"कोण म्हणे?" योगेंद्रनं विचारलं.

धुरपतानं तानबाजींकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

प्रेरणाच्या हाताला धरून उभे असलेले तानबाजी पोरासारखे खाली बघू लागले. "मले वाटलं, दोन महिन्यात बरा होईन," ते पुटपुटले. "मंग सामान कोनाले दिलं असतं तं नवंच दिसलं असतं."

कुणी हसलं नाही. धुरपतानं कात्री आणून त्यांच्या हातात दिली. चाळीस वर्षांत ज्या माणसानं गिऱ्हाइकाला कुकरची शिट्टीसुद्धा पॅकिंगबाहेर वाजवू दिली नव्हती, त्यानं स्टुलावर बसून चारही पिशव्या आपल्या हातानं काढल्या. पहिली चिकटपट्टीच्या कडेकडेनं जपून कापली. चौथी त्यांनी कात्री टाकून सरळ फाडली. मग दांड्याची नळी आणि चटईचं पाकीटही निघालं.

"साहेब, याच्यावरबी हाय," धुरपता म्हणाली. तिनं प्रफुलच्या खिशातलं भिंग घेतलं आणि काचेवरचा पातळ पांढरा पापुद्रा नखानं सोलून काढला. प्रफुलनं भिंगातून पाहिलं आणि तो थक्कच झाला.

"धुकं निवळलं," तो बादलीतूनच म्हणाला. "प्रकरण बारावं, यशस्वी."

"कार्डावर धुरपताबाईचं नाव छापा," हर्षा म्हणाली आणि त्याला उठवायला हात दिला.

तानबाजींनी वॉकर टेकवला, दाबून पाहिला. जागचा हलला नाही. मग ते दुकानाकडे निघाले. दारातल्या दोन्ही पायऱ्यांवर योगेंद्रनं दंड धरला, रस्त्यावर उतरल्यावर त्यांनी तो सोडवून घेतला. पुढचं प्रत्येक पाऊल ते मोठ्यानं मोजत होते, आणि योगेंद्र एक हात त्यांच्या पाठीशी हवेत धरून, त्यांना न शिवता, मागं चालत होता. बावीस झाली तेव्हा योगेंद्र रडत होता आणि त्यानं ते लपवलं नाही.

चार वाजता पलंगाची गाडी आली.

"पलंग नको," योगेंद्र म्हणाला. "परत घेऊन जा."

ड्रायव्हर कुरकुरला. "पॅकिंग तं नाई ना फोडलं? फोडलं असन तं परत नाई घेत आम्ही."

"नाई फोडलं, बापू, ने," दुकानातल्या गादीवरून तानबाजी ओरडले. त्यांनी वॉकर पुढ्यात असा उभा केला होता, की येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याची उघडी रबरं दिसावीत. "पन आता ज्याच्या घरी नेशीन ना, तिथं पहिले पॅकिंग फोडजो."