आत कोण शिजवतंय?

भर दुपारी जेवणाच्या सुट्टीत छोटू स्वतःच्याच घरात चोरासारखा शिरला. चपला हातात. बाहेरच्या खोलीत बाबा खुर्चीत घोरत होते. छोटूने स्वयंपाकघरातून विजेवरचा स्लो कुकर उचलला, सकाळी चिरून ठेवलेला कांदा, गाजर, टोमॅटो आणि धुतलेला मसूर त्यात ओतला, लसूण ठेचून टाकला, पाणी घातलं आणि सगळं पोटाशी धरून पावलं न वाजवता झोपायच्या खोलीकडे निघाला.

हा छोटू बत्तीस वर्षांचा, सहा फुटी गडी. पण घरात एकदा नाव पडलं की पडलं.

आता आपल्याच घरात सूप करायला एवढी लपाछपी कशाला? तर बाबांमुळे. बाबा वीज कंपनीतून लाइनमन म्हणून रिटायर झाले होते. खांबावरून उतरले, पण बटणावरून बोट काही उतरलं नाही. दिवसभर घरभर फिरायचं आणि दिसेल ते बटण बंद करायचं. चार्जर, पंखा, टीव्ही, काही सोडायचे नाहीत. फ्रिज तेवढा काळजावर दगड ठेवून चालू देत.

सोमवारी छोटू कामावरून आला तर कुकरात गार पाण्यात गाजरं पोहत होती. मंगळवारी त्याने बाबांना समोर बसवून समजावलं, की हे यंत्र दिवसभर मंद आचेवर चालतं, याला हात लावायचा नाही. बाबांनी मान डोलावली. संध्याकाळी गाजरं परत तशीच.

"बाबा, मी काय सांगितलं होतं?"

"बंद कुठे केलं मी? अर्धा तास चालू, अर्धा तास विश्रांती. मधून मधून झाकण काढून वारा पण दिला. एवढं सलग चालवलं तर काय राहील का ते?"

इथे छोटूची बायको मध्ये येते. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, आणि तिला संध्याकाळच्या सुतारकामाच्या क्लासला जायचं होतं. वर्षभर नुसतं जाईन, जाईन चाललेलं. शेवटी छोटूनेच छाती ठोकून सांगितलं होतं, "तू जा गं. रात्रीच्या जेवणाचं माझ्यावर सोड."

मंगळवारचं गाजर चावून झाल्यावर ती म्हणाली, "गुरुवारी पहिला तास आहे. नुसता बघायला जाते. परत आल्यावर टेबलावर गरम जेवण दिसलं तर नाव घालते. नाहीतर तो विषय संपला. तिकडे पण रंधा मारा आणि घरी येऊन पण मारा, हे मला जमणार नाही."

आणि आज गुरुवार.

घरातली एकच खोली बाबांच्या बोटातून वाचली होती. मुलाची आणि सुनेची. तिथे बाबा पाऊल टाकत नसत. आत आग लागली तरी दारातून हाक मारतील, असा माणूस. छोटूने पलंगामागे स्टुलावर कुकर ठेवला, उशीर झालेला म्हणून आच मोठी केली, दार ओढून घेतलं आणि विजयी मुद्रेने कामावर गेला.

काम म्हणजे वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकायच्या. कानात हेडफोन, तोंडात साखर. चारच्या सुमाराला एक बाई सांगत होत्या की त्यांचं मशीन फेस ओकतंय, आणि तेवढ्यात छोटूचा मोबाइल थरथरला.

"अरे छोटू, तुमच्या खोलीतून वास येतोय."

"कसला वास?"

"कांद्याचा."

खरं सांगितलं तर पुढच्या क्षणाला बटण बंद. "शेजारून येत असेल, बाबा," त्याने ठोकून दिलं.

इथेच तो चुकला. कारण बाबा शेजारी विचारायला गेले. शेजारी शिवणकाम करणाऱ्या काकू. त्यांच्याकडे आज चूलच पेटली नव्हती, आणि आपल्या नावावर कोणी कांदा खपवतंय हे त्यांना सहन झालं नाही. गळ्यातल्या टेपसकट त्या शहानिशा करायला आल्या. पाच मिनिटांत दुसरा फोन.

"छोटू, आत कोणीतरी आहे."

"कुठे आत?"

"तुमच्या खोलीत. स्वयंपाक करतोय."

मागून काकूंचा आवाज आला. "लसूण पण घातलाय, भाऊ! सवयीचा हात आहे!"

"चोर असता तर लसूण कशाला घातला असता?" बाबा त्यांना म्हणाले.

"भूक काय चोराला लागत नाही?"

"बाबा, ऐका—" छोटू कुजबुजला. पण बाबा आता दाराशी बोलत होते. "हे बघ, तू जो कोण असशील तो. शिजवायचं ते शिजव, पण आधी बटण बंद कर!"

उकळी फुटून झाकण खडखडलं. छोटूला ते फोनवर ऐकू आलं.

"उद्धट आहे," बाबा म्हणाले.

"पोलिसांना बोलवा," काकू म्हणाल्या.

"पोलीस नंतर. खोली सूनबाईची आहे, आधी तिला बोलावतो. ती येऊन दार उघडेल."

छोटू ताडकन उभा राहिला. ती आता क्लासच्या वाटेवर असणार. बाबांचा फोन गेला की ती अर्ध्या रस्त्यातून परत येणार, मग क्लास गेला, विषय संपला, आणि जन्मभर ऐकावं लागणार.

"बाबा, तिला फोन करू नका! आत चोर नाहीये, सूप आहे! मी लपवलंय!"

सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. फेसवाल्या बाई अजून लाइनवरच होत्या. "अहो, पण ते मशीनमध्ये गेलं कसं?" त्यांनी विचारलं.

पलीकडून बाबांचा आवाज आला. "लपवलंस? माझ्यापासून?"

"बाबा, तसं नाही..."

"थांब." पावलं वाजली. मग खट्ट. खोलीत पाऊल टाकायची गरजच नव्हती, मेन स्विच दाराबाहेर होता. खडखड थांबली.

छोटूच्या मागे त्याची मॅडम उभी होती. "जा घरी," ती म्हणाली. "इथे बसून तू फक्त तक्रारी वाढवतोयस."

घरी पोचला तर मेन स्विच अजून बंदच, सगळीकडे अंधार. बाबा तोंड फिरवून बसलेले, आणि काकू त्यांना "जाऊ द्या हो भाऊ, हल्लीची मुलं" करत होत्या. छोटूने एक गाजर तोंडात टाकलं. कर्रकन वाजलं. मग त्याने मेन स्विच चालू केला, कुकर पातेल्यात उपडा केला, गॅस पेटवला आणि पळी घेऊन समोर उभा राहिला. अर्ध्या तासात सूप झालं.

"हेच आधी गॅसवर केलं असतं तर..." बाबा म्हणाले.

"बाबा, एक शब्द बोलू नका."

बायको आली. केसांत लाकडाचा भुसा, चेहरा फुललेला. टेबलावर तीन वाट्या वाफाळत होत्या. ती एक घोट प्यायली. "चांगलं झालंय की रे."

"मग? घालतेस ना नाव?" छोटूने पळी खाली न ठेवताच विचारलं.

"घातलंय. गेल्या महिन्यातच. फी पण भरून झाली."

"गेल्या महिन्यात? मग ती अट?"

"अट नसती तर तू कांदा चिरला असतास?"

छोटूने आधारासाठी बाबांकडे बघितलं. बाबा शांतपणे वाटी पुसून खात होते.

"बाबा, बघितलंत?"

"मला माहीत होतं. फी भरायला मीच गेलो होतो तिच्याबरोबर."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू सूपसुद्धा सांगत नाहीस, मी क्लास कशाला सांगू?" बाबांनी वाटी पुढे केली. "वाढ अजून. आणि गाजर जरा कच्चंच आहे."