आणि मांडव?

इनासकाकांच्या अंगणात शिरायचं तर आधी खाली बघावं लागतं. चार कोपऱ्यांत चार खड्डे आहेत, हात कोपरापर्यंत आत जाईल एवढे खोल, आणि प्रत्येकावर नारळाची एकेक करवंटी पालथी घातलेली. आमच्या चौकातल्या लहान पोरांनाही ते पाठ आहेत. चुकतात ते बाहेरचे. एकदा घरांना आशीर्वाद द्यायला नवे फादर आले. पवित्र पाणी शिंपडत, वर बघत ते आत शिरले आणि त्यांचा एक पाय थेट खड्ड्यात गेला. इनासकाकांनी त्यांना काखेत हात घालून बाहेर काढलं आणि ते म्हणाले, “बरं झालं फादर, पहिला आशीर्वाद त्यालाच मिळाला.”

हे खड्डे मांडवाच्या खांबांचे. आमच्याकडे घरात लग्न निघालं की दारापुढे मांडव घालतात आणि लग्न उरकलं की खड्डे बुजवून टाकतात. सगळं गाव बुजवतं. इनासकाका बुजवत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या लग्नातले खड्डे तसेच राहिले, त्यांच्यातच पुढे मुलाच्या लग्नाचे खांब उभे राहिले आणि तो मांडव उतरल्यावर काकांनी करवंट्या पुन्हा घातल्या. पावसाळ्यात रोज सकाळी ते उकिडवे बसून पळीने त्यांतलं पाणी उपसतात. पालिकेचा औषध फवारणारा माणूस म्हणाला, “चाचा, इसमें मच्छर होगा.” काका म्हणाले, “होने दो. शादी में उसको भी बुलाएगा.”

घरात काका आणि त्यांची धाकटी बहीण, फिलूआंटी. काकांची बायको लवकर गेली. आंटी मुंबईत एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होती, रोज ट्रेनने जाऊन-येऊन. गेल्या वर्षी व्हीआरएस घेतल्यापासून ती दिवसभर घरीच असते. तिचा आवाज अजून फोनवर बोलल्यासारखाच आहे, गोड आणि खणखणीत. “दादूस, जेवायला ये” असं तिने काकांना म्हटलं की पलीकडच्या गल्लीतही दोघं-तिघं उठतात.

काकांचा मुलगा रॉकी बायको-मुलासह कुवेतला असतो. यंदा सुट्टीवर एकटाच आला तो मोबाईलमध्ये बागांचे फोटो घेऊनच. घरापुढे बाग करायची, असं त्याने ठरवून टाकलं होतं. नकाशा काढायला त्याने मला बोलावलं. मी बीकॉमला आहे, बागेतलं मला काही कळत नाही, हे मी त्याला सांगितलं. पण आमच्या गल्लीतून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे कुणाचा मोबाईल बंद पडला किंवा कुणाच्या कोंबडीने अंडी द्यायचं थांबवलं, तरी मलाच विचारतात. नाही म्हणायला मला जमत नाही. मी आलेखाचा कागद घेतला आणि मधोमध लॉन काढलं.

इनासकाकांनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

“हे हिरवं काय हाय?”

“लॉन, काका. गवत.”

“बकऱ्या आणतोय काय रॉकी?”

“नाही, नुसतं बघायचं.”

“बरं. आणि मांडव?”

मी कागद परत घेतला. दुसऱ्या कागदावर रॉकीने कारंजं काढायला लावलं, त्यात तोंडातून पाणी सोडणारा मासा. काका बराच वेळ माशाकडे बघत राहिले. “जन्मभर माशाला पाण्यातून बाहेर काढला मी. आता दारात बसून त्याची थुंकी बघू? आणि मांडव?”

तिसऱ्या कागदावर रंगीत फरशा होत्या आणि गाडीसाठी छप्पर.

“गाडी कुठं हाय?”

“घेईन ना पप्पा.”

“घे. घेतलीस की रस्त्यावर ठेव. मांडव काय रस्त्यावर घालू?”

“पण मांडव कुणाचा?” रॉकी ओरडला. “माझं लग्न झालं. माझं पोरगं दोन वर्षांचं हाय. सगळे हसतात आपल्याला.”

“हसू दे. दात हायत त्यांना.”

चौथा नकाशा मी कुणी न सांगता काढला. मधली जागा मोकळी सोडली, कुंपणाला लागून कुंड्या मांडल्या आणि चार कोपऱ्यांत चार गोल काढले. मला वाटलं, दोघांचंही काम होईल. काकांनी त्या गोलांवरून एकेक करून बोट फिरवलं. या वेळी “आणि मांडव?” आलं नाही. म्हणून मला जरा धीर आला आणि मी विचारलं, “काका, पण घरात आता लग्नाचं कोण राहिलंय?”

आत कुकरची शिट्टी झाली. आंटी काहीतरी गुणगुणत होती. काकांनी खिडकीकडे पाहिलं.

“हळू बोल, बाय. ऐकंल ती.”

मग ते पुढे बोलले, खाली बघत. “माझ्या लग्नाचा मांडव उतरवला तवा आई बोलली, खड्डे राहू दे, पुढल्या वर्षी फिलूचा हाय. पुढल्या वर्षी बाबा आजारी पडला. ही कामाला लागली. मग रॉकीची आई गेली, तर रॉकीला हिनंच वाढवला. कुणी विचारायला आलं तर बोलायची, आता न्हाय, पुढल्या वर्षी.” करवंटी हलली नव्हती, तरी त्यांनी ती सारखी केली. “आता हे बुजवायचे म्हणजे तिला सांगायचं. मी न्हाय सांगणार. कुवेत न्हाय, अख्खी दुनिया आली तरी न्हाय.”

रॉकीला हे मी सांगायला हवं होतं की नाही, मला ठरवता आलं नाही. तेवढ्यात रविवार आला आणि चर्चमधून मिस्सा सुटल्यावर आम्ही परततो तर काकांच्या दारात लाल मातीचा टेम्पो उभा. रॉकी टेम्पोचा मागचा फाळका उघडायला सांगत होता. काका चर्चच्या कपड्यांतच धावले आणि फाटकात हात पसरून उभे राहिले.

“टाकायची तर माझ्यावर टाक.”

“पप्पा, लोक बघतायत.”

“तिकीट न्हाय लावलं. बघू दे.”

टेम्पोवाला कंटाळला होता. “अंकल, टाइम खोटी मत करो. उतारू क्या?”

“उतार. पहिले मेरे को उतार.”

गल्ली जमली. कुणी रॉकीच्या बाजूने बोललं, कुणी नुसतंच हसलं. काकांचे पसरलेले हात खाली येत नव्हते. तेवढ्यात फिलूआंटी घरातून बाहेर आली. तिच्या एका हातात घमेलं होतं, दुसऱ्या हातात मोगऱ्याचं रोप. काकांच्या हाताखालून वाकून ती बाहेर गेली, टेम्पोतली घमेलंभर माती घेतली आणि तशीच वाकून परत आत आली. स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या खड्ड्याशी बसून तिने करवंटी बाजूला केली.

“फिलू,” काकांचा आवाज एकदम खाली आला. “खांबाचा खड्डा हाय तो.”

“ठाऊक हाय, दादूस.” तिने रोप आत ठेवलं आणि भोवती माती दाबली. “कुणाच्या मांडवाचा, ते पण ठाऊक हाय. माझे कान टेलिफोनवाले हायत.”



“तीन खांबांवर मांडव उभा राहतो काय?” काका म्हणाले.

“चौथ्या कोपऱ्यात तू उभा रहा. नायतरी दिवसभर उभाच असतोस.”

टेम्पोवाला मोठ्याने हसला. काका हसले नाहीत. त्यांनी हात खाली घेतले, पण फाटक सोडलं नाही. शेवटी रॉकीनेच फाळका लावला आणि टेम्पो चर्चच्या बागेकडे पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या बससाठी निघाले तर काका अंगणात उकिडवे बसलेले. तीन खड्ड्यांवर तीन करवंट्या होत्या. चौथ्या करवंटीने ते बादलीतलं पाणी मोगऱ्याला घालत होते, थोडं थोडं, मुळाशी.

मला बरं वाटलं. मी म्हटलं, “काका, शेवटी झाली की बाग.”

त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“बाग कसली?” ते म्हणाले. “मोगरा हाय. लग्नात लागतो.”