इनास अंकलचं जर्मन

"ही कंपनी नाहीच, चूक आहे," इनास अंकल पहिल्याच भेटीत मला म्हणाले. दोह्यात नोकरीला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. मला वाटलं, माझ्या नोकरीच्या कंपनीबद्दलच बोलताहेत. पण अंकलचं बोट एका जाडजूड पुस्तकातल्या तक्त्यावर होतं.

विषय होता महायुद्धातल्या जर्मनीचे मोटारींतून फिरणारे खेड्यापाड्यांतले पोलीस. त्यांच्या कंपनीतल्या एका तुकडीचं नाव लिहितात 'त्सुग', पण उच्चार थेट आपल्या 'चूक'सारखा. "मराठी माणसाला शिकवावं लागत नाही," इति अंकल. हिंदीवाल्यांना मात्र ते दहादहा वेळा म्हणायला लावत.

अंकल वसईचे, इस्पितळात रेकॉर्ड सेक्शनला. दोह्याच्या अल नस्र भागात माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. मुलगी शेरील जर्मनीत नर्स. तिथल्याच मुलाशी तिचं लग्न ठरलं, तेव्हा व्याह्यांशी त्यांच्याच भाषेत बोलायचं, असं अंकलनी ठरवलं. क्लासला जायची लाज वाटली. दुखानच्या तेलक्षेत्रातून मायदेशी परतणाऱ्या कुण्या साहेबानं टाकून दिलेलं हे पुस्तक हाती लागलं, तेच धरून बसले. त्यामुळे अंकलना जर्मनमध्ये 'मोटार-पोलिसांची कंपनी' म्हणता येतं, 'बसा, पाणी घ्या' म्हणता येत नाही.

"अंकल, त्या लोकांनी भयंकर पापं केली," मी एकदा म्हटलं.

"म्हणूनच कुणी केलं ते नीट नावानिशी लिहायला हवं. रेकॉर्डमध्ये एकाच्या जागी दुसऱ्याचं नाव चालतं काय? खलास."

एका शुक्रवारी चर्चमधल्या मिस्सावरून आल्या आल्या त्यांनी मला बोलावलं. व्याह्यांचा व्हिडिओ कॉल होता. अंकल टाय लावून बसले होते. सकाळपासून नुसत्या चहावर होते, घास उतरत नव्हता म्हणे.

व्याह्यांनी काहीतरी विचारलं. शेरीलनं ते इंग्रजीत सांगितलं: घरी तुमच्यासोबत कोण असतं? तिला मराठी समजतं, पण बापाशीही ती इंग्रजीतच बोलते.

आँटी, म्हणजे शेरीलची आई, जाऊन तीन वर्षं झाली होती. अंकल बराच वेळ शब्द शोधत राहिले. मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "आइन्त्सेलपोस्टेन."

हा शब्द त्यांनी मला आदल्याच दिवशी समजावला होता. एकट्या शिपायाचं ठाणं.

व्याही खो खो हसले. शेरील हसली नाही. मला अंकलकडे बघवेना.

"पप्पा," ती मराठीत म्हणाली, "जेवलात काय तुम्ही?"

"जेवलो गो बाय," अंकल म्हणाले, आणि त्यांनी फोनच्या कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला.

"पप्पा, दिसत नाय तुम्ही," ती पलीकडून म्हणत राहिली. अंकलनी अंगठा काढला नाही.