आसरा निघाल्या शनीवर

अशी कादंबरी वऱ्हाडातच काय, पुण्या-मुंबईतही कोणाच्या बापाला सुचली नसती, याबद्दल उत्तमरावांना तिळमात्र शंका नव्हती! शंका होती ती बाकी सगळ्या जगाबद्दल.

उत्तमराव लोणारात रेडिओ दुरुस्त करत. रशियाचा माणूस आभाळात फिरून आल्याची बातमी त्यांनी गिऱ्हाइकाच्याच रेडिओवर ऐकली आणि डोक्यात लख्ख दिवा पेटला. बाया ज्यांना पाण्याकाठी हिरव्या बांगड्या वाहतात, त्या आपल्या तळ्यातल्या जलदेवता, साती आसरा, मुळात आभाळातून आलेल्या! तळ्याच्या बुडाशी त्यांचं लोखंडी विमान रुतलेलं. त्यांच्या मेंदूत तांब्याच्या तारा. आणि तिकडे शनीवर एक दुष्ट राजा. त्यानं सगळ्या प्रजेच्या डोक्यात तारा बसवलेल्या, आणि कोणाच्या मनात काय चाललंय ते तो सिंहासनावर बसून रेडिओवर ऐकतो! आसरा आता त्याच्याशी लढायला निघणार होत्या.

कल्पना एवढी भारी म्हटल्यावर चोर आलेच. पहिला संशय शेजारच्या कापडदुकानवाल्या शेषरावावर, कारण तो कविता करायचा. तेव्हा कादंबरी पुरी होईस्तोवर कोणाजवळ, अगदी बायकोजवळही, अवाक्षर काढायचं नाही असं उत्तमरावांनी ठरवलं. कानावर पेन्सिल अडकवली आणि तोंडाला कुलूप लावलं.

पण तोंडाला कुलूप लावलं म्हणून बाकीचा माणूस थोडाच बंद राहतो! ते जेवताना घास हातात धरून बसू लागले. तळ्याच्या वरच्या काठावर उभे राहून पाण्याकडे टक लावू लागले. भर रस्त्यात "चला गं बायांनो, वेळ झाली!" असं पुटपुटू लागले. त्यात एकदा, बांगड्या भरलेल्या हातानं विमानाची कळ फिरवता येईल का, हे बघायला त्यांनी बायकोच्या हिरव्या बांगड्या स्वतःच्या हातात कोंबल्या, आणि नेमक्या तेव्हाच कोकिळाबाई चहा घेऊन आत आल्या.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"काही नाही!"

"मंग बांगड्या काऊन घातल्या?"

"तुले कोनं पाठवलं इचारायले? शेषरावनं?"

कोकिळाबाई चहा तसाच घेऊन मागे फिरल्या. घास गिळत नाही, पाण्याकडे बघतो, एकटाच बोलतो आणि आता हिरव्या बांगड्या! लोणारातलं शेंबडं पोरही सांगेल अशी ती लक्षणं होती. नवऱ्याला आसरा लागल्या होत्या! आसरांनी धरलेला माणूस एक दिवस पाण्यात ओढला जातो, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. बिचारी तडक तानुबाईकडे धावली.

दुसऱ्या दिवशी तानुबाई दुकानात हजर. लागलेल्या आसरा उतरवण्यात म्हातारीचा हातखंडा. कोकिळाबाई दाराआड उभ्या राहिल्या.

"बापू," तानुबाई हलकेच म्हणाली, "तळ्यातल्या बाया काय म्हंतात तुले? कोठी चाल म्हंतात?"

उत्तमरावांच्या हातातला पेचकस खाली पडला. कथानक फुटलं होतं! घात झाला होता!

"मी नाही सांगनार!"

"सांगू देत नाहीत काय त्या?"

"मीच सांगू देत नाही! जीव गेला तरी नाही सांगनार!"

तानुबाईनं दाराकडे बघून मान हलवली. "लय घट्ट धरलं वं याले. उद्या तळ्यावर आन."

दुसऱ्या दिवशी ओटी, खण, नैवेद्य घेऊन अख्खी आळी खाली तळ्याकाठी उतरली. उत्तमरावांनी पाण्यात उडी घेऊ नये म्हणून शेषरावानं त्यांचा दंड आवळून धरला होता. ऐकायला कसा चिकटलाय मेला, असं उत्तमरावांच्या मनात आलं.

"पोटातलं सारं ओक," तानुबाई म्हणाली. "त्याबिगर त्या सोडनार नाहीत."

उत्तमरावांनी दात आवळले. तेवढ्यात कोकिळाबाईंनी त्यांचे पाय धरले. "सांगा हो! तुमी पान्यात गेले तं मी कोनाकडं पाहू?"

उत्तमरावांना गलबलून आलं. आणि खरं सांगायचं तर ती कादंबरी आता त्यांच्याही पोटात मावत नव्हती.

ते सुरू झाले! विमान निघालं, चंद्र मागे पडला, मंगळावर धूळ उडाली. इकडे नैवेद्य कावळ्यांनी खाल्ला तरी कोणाचं लक्ष नाही. शेषरावानं आ वासला आणि दंड कधीच सोडून दिला. शेवटी आसरा शनीच्या लोखंडी तुरुंगात अडकल्या, राजानं रेडिओचा कान पिळला... आणि उत्तमराव थांबले.

"मंग?" तानुबाई पुढे सरकली.

"पुढलं अजून सुचलं नाही."

"म्हंजे हे तुमचं रचलेलं हाय?" कोकिळाबाई ओरडल्या. त्यांना रडू आलं, मग हसू आलं, आणि मग त्यांनी आळीदेखत नवऱ्याला जे झापलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

"तू चोरशीन म्हनून बोललो नाही," उत्तमराव शेषरावाला म्हणाले.

"मी? लेका, मले मेहकरच्या एस्टीत उलट्या होतात. मी शनीवर काय करू?"

तानुबाई मात्र पाण्याकडे बघत बसली होती. "सोपं तं हाय," ती म्हणाली. "मोठी आसरा आपल्या डोक्यातली तार उपटन, अन् त्या राजाच्या रेडिओले..."

उत्तमरावांच्या अंगावर सरसरून काटा आला. हाच! हाच तो शेवट! त्यांचा हात आपसूक कानावरच्या पेन्सिलीकडे गेला.

तानुबाईनं पेन्सिलीकडे बघितलं. मग उत्तमरावांकडे बघितलं. लुगडं झटकून ती उठली आणि चढणीला लागली.

"मावशे, पुढं? राजाच्या रेडिओले काय?"

"काऊन बे? चोरून लिव्हाले?" म्हातारी वळूनही न बघता म्हणाली. "जीव गेला तरी नाही सांगनार!"