पकड न सुटण्याचं शास्त्र

कॉलेजातली मोठ्या खिडकीची खोली प्रयोगशाळेलाही हवी होती आणि कार्यालयालाही. शेवटी प्राचार्य वैतागले, "रस्सीखेच करा, पण माझं डोकं खाऊ नका!" दोराच्या एका टोकाला खोलीत कार्यालय, दुसऱ्या टोकाला व्हरांड्यात प्रयोगशाळा. उंबरठा ओलांडून जो ओढला जाईल, तो हरला.

प्रयोगशाळेच्या बाजूनं शरीरशास्त्राच्या सरांनी आपल्या मंडळींना सकाळपासून कडकडीत उपाशी ठेवलं.

"स्नायूत जाड धागे असतात आणि बारीक धागे. जाड धाग्याला इवल्या इवल्या मुंड्या. मुंडी बारीक धाग्याला धरते, ओढते, सोडते, पुढं धरते. धागे आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात, आणि स्नायू आखडतो! आता गंमत बघा. धरलेलं सोडायला इंधन लागतं. इंधनच नसलं, तर पकड सुटेल कशी?"

"आणि ओढायला हो?" खोलीतून हेडक्लार्क बाईंनी विचारलं. या सरांच्याच सौभाग्यवती. "ओढायला इंधन लागत नाही वाटतं?"

"घरचं भांडण घरी!" सर गरजले.

शिट्टी झाली. कार्यालय भरपेट जेवून आलं होतं. एकाच हिसक्यात अख्खी प्रयोगशाळा दोरासकट खोलीत येऊन आदळली.

"हरलात. निघा आता," बाई म्हणाल्या.

पडल्या पडल्या सरांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. "निघू कसे? बोटं सुटत नाहीयेत! मुंड्या अडकल्या!"

मंडळींना इशारा पुरला. "आई गं! माझीही अडकली!" सगळे कण्हू लागले.

"मग दोर घेऊन निघा."

"भांडारातली वस्तू मंजुरीशिवाय हलवायची नाही, हा नियम तुमचाच. आणि मंजुरी देणारे साहेब रजेवर. तोवर आम्ही इथंच!"

बाईंना स्वतःचाच नियम मोडता येईना. कार्यालय सुटलं, कारकून घरी गेले. बाईंनी राखून ठेवलेला डबा शांतपणे उघडला. कांदा घातलेल्या ऑम्लेटचा वास खोलीभर पसरला.

"घ्या थोडं."

"नको! खाल्लं की पकड सुटेल," सर आवंढा गिळत म्हणाले.

"बरं, राहिलं." बाईंनी डबा बाहेर बाकावर नेऊन ठेवला.

"सर, माझी सुटली हो!" एक साहाय्यक पळाला. मग दुसऱ्याची सुटली. मग सगळ्यांचीच. एकटे सर दोर कवटाळून बसले.

"शेवटचा तुकडा उरलाय," बाहेरून बाईंचा आवाज आला.

दोर धपकन खाली पडला. सर व्हरांड्यात पोचले, तुकडा तोंडात गेला, आणि मागं कुलूप खटकलं.

"सोडायला इंधन लागतं म्हणालात ना?" किल्ली पर्समध्ये टाकत बाई म्हणाल्या, "तुमची तर नुसत्या वासावर सुटली की हो!"